हुकमाची वाट न पाहणारे लोक



जर्मनीत हार्त्स डोंगराजवळ गोस्लार हे जुने शहर आहे. त्याच परिसरातल्या ग्रोस फ्ल्योटे गावी वेर्नर विलिकेन्स शेती करत. जन्म १८९३ चा. पहिल्या महायुद्धात लढलेला हा शेतकरी १९२५ मध्ये नाझी पक्षात गेला. १९२८ मध्ये त्या पक्षाचे अवघे १२ खासदार निवडून आले, त्यांत विलिकेन्स होते.

जर्मन शेतकऱ्यांचे दुःख खरे होते. डुकरांचे भाव पडले होते, व्याज आणि कर फिटत नव्हते, गोठ्यातली जनावरे लिलावात जात होती. जानेवारी १९२८ मध्ये श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांतात लाखाहून अधिक शेतकरी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत तिथे नाझींना ४ टक्के मते होती. जुलै १९३२ मध्ये ती ५१ टक्के झाली. ही मजल गाठायला शेतकऱ्यांच्या बोलीत बोलणारी माणसे लागली. विलिकेन्स त्यांपैकी एक. पुढे ते देशातल्या सर्वात मोठ्या शेतकरी संघटनेच्या अध्यक्षमंडळातही जाऊन बसले.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि विलिकेन्स जर्मनीतल्या प्रशिया राज्याच्या कृषिखात्याचे सचिव झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात वारसाशेतीचा कायदा आला. या कायद्याखाली आलेल्या शेताचा लिलाव नाही, तुकडे नाहीत. कर्जबाजारी माणसाने हेच तर मागितले होते! पण अट होती: १ जानेवारी १८०० पासूनच्या पूर्वजांत ज्यू रक्त नको. वारसाहक्कात मुलीही मागे ढकलल्या गेल्या. न्याय मिळाला, तो शेजाऱ्याला वगळून.

२१ फेब्रुवारी १९३४ रोजी विलिकेन्स यांनी राज्याराज्यांतल्या कृषिप्रतिनिधींपुढे भाषण केले. आशय असा: नेता प्रत्येक गोष्टीचा हुकूम वरून देऊ शकत नाही, त्याच्या मनातले ओळखून प्रत्येकाने त्या दिशेने काम करावे. इतिहासकार इयान कर्शॉ यांना नाझी राजवटीचे मर्म याच भाषणात सापडले.

हे मर्म गावोगाव पोचले. युद्धकाळात शेतांवर पोलिश मजूर सक्तीने आणले गेले. त्यांच्या कपड्यांवर ‘पी’ची खूण शिवली जाई, मालकाच्या पंगतीला त्यांना बसवायचे नाही, असा नियम होता. काही घरांनी तरीही त्यांना जेवायला जवळ बसवले. काही शेजाऱ्यांनी चहाडी केली. चहाडी करणाऱ्याला बर्लिनहून कुणी पत्र धाडले नव्हते.

शेतकऱ्यांच्या त्याच संकटातून पुढे आलेला क्लाउस हाइम नावाचा शेतकरी नेताही विसरू नका. तो साधुसंत नव्हता. बाँबस्फोटांपायी तुरुंगात गेला. पण नाझींनी देऊ केलेली उमेदवारी त्याने नाकारली. हलाखी सारखी असूनही निवड वेगळी होऊ शकली.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. आपल्या दुःखाचा कैवारी पुढे आला, की त्याने आणलेल्या उपायातून कोणाला वगळले आहे, हे पहिल्याच सभेत विचारा. आपले पोट भरल्यावर तो प्रश्न विचारणे फार अवघड जाते.