चिंध्यांची पिशवी

(गणेशोत्सवात महिला विभागातर्फे केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच मंडपात आम्ही लहान मुलांसाठी एक खेळ ठेवला होता : चिंध्यांतून बाहुलीचे कपडे शिवायचे. त्यात आमचे काय चुकले आणि मुलांनी आम्हाला काय शिकवले, तेवढेच सांगायला आम्ही उभ्या आहोत.

शिंप्याच्या दुकानात कपडे बेतल्यावर खाली पडणारे तुकडे आम्ही मागून आणले. पहिल्या पिशव्या फार हौसेने भरल्या. परकर-पोलके आम्हीच कापले, टाक्यांसाठी खडूने रेघाही मारून दिल्या. मुलांनी अर्ध्या तासात रेघेवरून दोरा ओढला, बाहुलीला कपडे चढवले आणि पिशवी तिथेच टाकून गेली. खेळायला त्यांना काही उरलेच नव्हते. सगळा खेळ आम्ही आधीच खेळून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी न कापलेले तुकडे दिले. वीतभर कापडी बाहुली, दहा-बारा सुती तुकडे, दोन रंगांचा दोरा, एक जाड सुई, नाडी आणि दोन बटणे. जॉर्जेट, साटीन वगळले. ते हातातून सटकते, त्याचे धागे निघतात. तुकडे आधी धुऊन घेतले, म्हणजे रंग जाणारे कळतात. सुया मोजून दिल्या, मोजून परत घेतल्या.

सुरुवात परकरापासून केली, कारण परकर म्हणजे सरळ पट्टी. घेर कमरेच्या दुप्पट-अडीचपट, वर नेफा, त्यात नाडी. पण मुलींना हवी होती नऊवारी! मग हिशेब सुरू झाला. पाच फुटी बाईला नऊ वार, तर वीतभर बाहुलीला किती? उत्तर आले, साधारण सव्वा मीटर. एवढा लांब तुकडा कुणाच्याच पिशवीत नव्हता. शेवटी एकमेकींच्या पट्ट्या जोडल्या. ते पाहून मुलगेही धोतर शिवायला सुई घेऊन बसले. पिशव्या आम्ही फक्त मुलींसाठी भरल्या होत्या, ही आमची दुसरी चूक.

ते जोडलेले लुगडे पाहून एक आजी म्हणाल्या, "ही तर वाकळच झाली की!" आपल्या मराठी मुलींना शब्द कळेना. आजींनी जुन्या लुगड्यांचे थर, वरचा धावदोरा, सगळे समजावले. तेव्हा एक कानडी मैत्रीण पटकन म्हणाली, "म्हणजे आमची कौदी!"

१९५६ साली बिदर-गुलबर्गा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आले. आज आपली मुले शाळेत कानडी-इंग्रजी शिकतात, शिकावीच. पण धावदोरा, उलटी टीप, नेफा, काजे हे शब्द शिवणाऱ्या बाईच्या शेजारी बसूनच कळतात. घरात वाकळ शिवणे थांबले, की हे शब्दही थांबतात.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतूनच मुलांची साधने केली. आपल्यालाही बाजारातून काही आणायला नको.

म्हणून विनंती : विसर्जनानंतर प्रत्येक घरातून सुती चिंध्यांची एक पिशवी आणा. आणि पिशवी देऊन परत जाऊ नका. तासभर मुलांजवळ बसा. कापू मात्र नका, ते मुलांना करू द्या.

गणपती बाप्पा मोरया!