विषाणूच्या पाठीवर जनुक

पेशीत कसं शिरावं, हे विषाणूइतकं कुणालाच साधलेलं नाही. एचआयव्ही तर त्यातही निष्णात. लेंटिव्हायरस गटातला हा विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो आणि तो थेट पेशीच्या गुणसूत्रात गुंफतो. विभाजन थांबलेल्या पेशीही त्याला अडवू शकत नाहीत. १९९६ मध्ये लुइजी नाल्दिनी, इंदर वर्मा, दिदिए त्रोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यापासून बनवलेल्या वाहकानं उंदरांच्या मेंदूतल्या चेतापेशींत नवं जनुक पोहोचवलं. ज्याच्या नुसत्या नावानं त्या काळी घरंच्या घरं हादरत, त्याच विषाणूकडून हे काम करून घेतलं गेलं. या सभागृहातल्या प्रत्येक विद्यार्थ्यानं मनात जपावी अशीच ही घटना आहे.

खरी कारागिरी आहे ती वाटणीत. विषाणूची आवश्यक जनुकं वेगवेगळ्या प्लाझ्मिडांवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या वर्तुळांवर, विभागली जातात. आजच्या पद्धतीत अशी चार प्लाझ्मिडं असतात. रोगाला हातभार लावणारी बरीच जनुकं आधीच वगळलेली असतात. कवचात भरलं जाण्याची खूण फक्त इच्छित जनुकाच्या प्लाझ्मिडावर ठेवतात. बाहेरचं आवरण गुराढोरांना होणाऱ्या एका विषाणूकडून उसनं घेतात, त्यामुळे अनेक प्रकारच्या पेशींची दारं उघडतात. ही चारही प्लाझ्मिडं मानवी पेशींच्या संवर्धनात सोडली, की दोन-तीन दिवसांत वरच्या द्रवात विषाणूकण जमतात. हे कण पेशीत एकदा शिरतात, जनुक ठेवतात आणि तिथेच थांबतात. पुढची पिढी त्यांना जन्माला घालता येत नाही.

धोका उरतो तो जागेचा. जनुक गुणसूत्रात कुठे बसेल, हे आधी ठरवता येत नाही. पॅरिसमध्ये जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर रेट्रोव्हायरसच्या, म्हणजे एचआयव्हीच्याच एका नातलगाच्या, साहाय्यानं उपचार झाले. बहुतेकांना प्रतिकारशक्ती लाभली, पण काहींना पुढे रक्ताचा कर्करोग झाला, कारण जनुक नको त्या जनुकाशेजारी बसून त्याला जागं करत होतं. नंतरच्या वाहकांमधून शेजाऱ्याला चेतवणारा तो भाग काढून टाकण्यात आला.

मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ या उपचारातही लेंटिव्हायरसच वापरला जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला देशात मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, बाहेर काढून त्यांना कर्करोगी बी-पेशींवरचं सीडी१९ प्रथिन ओळखायला लावणारं जनुक दिलं जातं आणि त्या परत शिरेतून सोडल्या जातात. हे जनुक त्या पेशींच्या पुढच्या पिढ्यांतही उतरतं. म्हणूनच अशा उपचारांनंतर रुग्णांवर १५ वर्षं लक्ष ठेवावं, अशी शिफारस अमेरिकेच्या औषध प्रशासनानं केलेली आहे.