यादीत नसलेला कुत्रा



छायाचित्रात काय आहे हे यंत्राने ओळखावे, या प्रयत्नातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्याच हैदराबाद शहराशी जोडलेला आहे. २०१२ साली इथल्या गच्चीबावलीतल्या आयआयआयटी या संस्थेने आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाने मिळून पाळीव कुत्र्या-मांजरांचा चित्रसंग्रह जगापुढे ठेवला. ओंकार पारखी, आंद्रेया वेदाल्दी, अँड्र्यू झिसरमन आणि सी. व्ही. जवाहर हे त्याचे कर्ते. कुत्र्यांच्या २५ आणि मांजरांच्या १२ अशा ३७ जाती. प्रत्येकीची सुमारे २०० चित्रे. चित्राला जातीचे नाव, डोक्याभोवती चौकट, आणि प्राण्याचे अंग कुठे संपते याची ठिपक्याठिपक्याने केलेली नोंद.

कुत्रा कोणता नि मांजर कोणते, हे लहान मूलही सांगते. यंत्रापुढे मात्र नुसते आकडे असतात. रंगीत चित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्याचे ० ते २५५ मधले तीन आकडे. उजेड बदलला, प्राणी वळून बसला, की सगळे आकडे बदलतात. म्हणून या संशोधकांनी दोन खुणा धरल्या : डोक्याची ठेवण आणि केसांचा पोत. आधी डोके शोधायचे, त्याच्या आधाराने अंग पार्श्वभूमीपासून वेगळे काढायचे, मग अंगावरच्या बारीक नमुन्यांची मोजदाद करायची. ३७ मधून नेमकी जात ओळखण्यात त्यांना सुमारे ५९ टक्के यश आले. डोळे मिटून नाव घेतले असते तर तीन टक्केही आले नसते.

त्याच वर्षी चित्रे ओळखण्याची इमेजनेट स्पर्धा खोल न्यूरल नेटवर्कने जिंकली. कोणत्या खुणा पाहायच्या हे आता माणसाने सांगायची गरज उरली नाही. यंत्र उदाहरणांतून त्या स्वतःच शोधू लागले. साहजिकच उदाहरणे कोण निवडतो, याला फार महत्त्व आले.

त्या ३७ नावांत सेंट बर्नार्ड आहे, शिबा इनू आहे. 'बॉम्बे' नावाचे मांजरही आहे, पण ती जात अमेरिकेत तयार झालेली. मुधोळ जातीचा कुत्रा नाही, सुलतान बाजारात दुकानापुढे झोपलेला गावठी कुत्रा नाही. त्याचे चित्र दाखवले, तर या यादीवर शिकलेले साधे यंत्र 'मला ठाऊक नाही' म्हणत नाही. आपला शंभर टक्के विश्वास त्याला ३७ नावांतच वाटून द्यावा लागतो. ज्याच्या वाट्याला जास्त, ते नाव ते सांगते. हा संग्रहकर्त्यांचा दोष नव्हे. संशोधनाला ठरावीक यादी लागतेच. ती यादी म्हणजेच जग असे आपण मानतो, तिथे घात होतो.

कुत्र्याची जात चुकली तर फारसे बिघडत नाही; रस्ता चुकीचा वाचला तर जीव जातो. गाड्यांना रस्ता ओळखायला शिकवणारा 'सिटीस्केप्स' हा २०१६चा संग्रह मुख्यतः जर्मन शहरांचा. त्यात ऑटोरिक्षाला जागा नव्हती. यावर उत्तर पुन्हा गच्चीबावलीतूनच आले. आयआयआयटीच्या 'इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट'साठी हैदराबाद, बंगळूर आणि आसपास गाडी फिरवून सुमारे १०,००० चित्रे निवडली गेली. वर्ग ३४. त्यांत ऑटोरिक्षा आली, जनावरे आली, आणि वेळप्रसंगी गाडी उतरवता येईल अशी डांबराशेजारची मातीची पट्टीही स्वतंत्र वर्ग म्हणून आली. आपला रस्ता आपल्या माणसांनी पाहिला, म्हणून ती पट्टी दिसली.

पानावरचा रोग आणि कातडीवरचा डागही यंत्र आता ओळखू लागले आहे. तेव्हा 'किती टक्के बरोबर?' एवढे विचारून थांबू नका. ते कुणाच्या चित्रांवर शिकले, त्याच्या यादीत काय आहे, आणि यादीबाहेरचे समोर आले तर 'ठाऊक नाही' म्हणायला त्याला शिकवले आहे का, हेही विचारा. इथल्या तरुणांना माझे सांगणे आहे : चित्रांना नावे देण्याचे काम हलके समजू नका. शेतकऱ्याला, डॉक्टरला, पशुवैद्याला शेजारी बसवून ते करा. पुढची सगळी गणिते त्या नावांवरच उभी राहणार आहेत.