नागरिकत्वाचा अर्ज आणि मायदेशाची वारी
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत आहेत, असं मी धरून चालतो. काहींनी मुलांच्या आग्रहाखातर स्वतःही ग्रीन कार्ड घेतलं असेल. उन्हाळा न्यू जर्सीत, हिवाळा कोथरूडला. तेव्हा तिकडच्या नागरिकत्वाचा अर्ज आणि इकडच्या फेऱ्या यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न तुमच्याच घरातला आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. अर्ज दाखल केला की निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही, असं अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आई इस्पितळात असते आणि मुलगा येत नाही, कारण काय, तर 'फाइल चालू आहे'! असा नियमच नाही. एन-४०० हा अर्ज प्रलंबित असताना ग्रीन कार्डावर जाता-येता येतं. अडचण असते ती फेरीच्या लांबीची आणि वेळेची.

ग्रीन कार्ड मिळून साधारण पाच वर्षं झाली की अर्ज करता येतो; नागरिक असलेल्या जोडीदाराबरोबर राहत असाल तर तीन. या पाच वर्षांची तपासणी दोन प्रकारे होते. एक, प्रत्यक्ष हजेरी: अर्जाच्या दिवसापर्यंत निदान ३० महिने तुम्ही तिथं असायला हवं. निघाल्याचा आणि परतल्याचा दिवस हजेरीत धरतात, तेवढी सवलत आहे. दुसरी तपासणी अखंड वास्तव्याची, आणि माणसं अडकतात ती इथं. हजेरीत सगळ्या दिवसांची बेरीज होते, वास्तव्यात मात्र एकेक फेरी वेगळी पाहतात. एखादी फेरी सहा महिन्यांच्या वर गेली की वास्तव्य खंडित झालं असं गृहीत धरलं जातं. ते खोडून काढायचं तुम्ही: तिकडची नोकरी सोडली नव्हती, घर चालू होतं, बायकामुलं तिथंच होती. फेरी वर्षाची झाली तर हा बचावही बहुतेकांना उरत नाही. परतल्यावर पुन्हा चार वर्षं आणि एक दिवस थांबा.

आता आपल्या आजी-आजोबांचं पाहा. डिसेंबरात येतात. गुडघ्याचं ऑपरेशन निघतं. मग सोसायटीच्या पुनर्विकासाच्या करारावर सह्या राहिलेल्या असतात, भाचीचं लग्न मे महिन्यात असतं. सहा महिने कधी उलटले ते कळतही नाही. कुणी म्हणतं, आम्ही री-एंट्री परमिट काढलंय ना! ते परत प्रवेश मिळावा म्हणून उपयोगी. नागरिकत्वासाठीचं वास्तव्य त्यानं अखंड राहत नाही. आणि ही अखंडता अर्जाच्या दिवशी संपत नाही, नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत टिकवावी लागते. शपथविधीच्या फॉर्मवरही मुलाखतीनंतर देशाबाहेर गेला होतात का, हे विचारलेलं असतं.

मधल्या काळात बोटांच्या ठशांचं आणि मुलाखतीचं बोलावणं येतं. तारीख बदलून मागता येते, पण न कळवता गैरहजर राहणं महागात पडतं. परदेशी असाल तर घरी येणारी पत्रं उघडणारं कुणीतरी हवं.

खरी मेख शपथेच्या दिवशी आहे. शपथविधीला ग्रीन कार्ड परत घेतात. इकडे भारताच्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेनं परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. हातात राहतं प्रमाणपत्र, आणि त्यावर विमानात बसता येत नाही. अमेरिकन पासपोर्ट काढायचा, मग भारताचा व्हिसा. तोपर्यंत माणूस नागरिक असतो, पण प्रवासी नसतो. कपाटातल्या निळ्या भारतीय पासपोर्टावर अजून चार वर्षांची मुदत दिसते, म्हणून एक फेरी मारून यावी असा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. परकं नागरिकत्व घेतल्यावर तो वापरणं हा गुन्हा आहे. तो जमा करून तसं प्रमाणपत्र घ्यायचं, आणि मग ओसीआयसाठी अर्ज. ओसीआयला आपल्याकडे हौसेनं 'दुहेरी नागरिकत्व' म्हणतात. मतदानाचा हक्क नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मग कसलं दुहेरी? तो आजन्म चालणारा व्हिसा आहे, आणि तेवढ्यापुरता उत्तम आहे.

काही कार्यालयांत मुलाखत आणि शपथ एकाच दिवशी उरकतात. सोयीचं वाटतं, पण पुढच्याच आठवड्यात पुण्यात मुंज असेल तर हीच सोय गळ्याशी येते. अशा वेळी शपथेची तारीख पुढची मागावी आणि ग्रीन कार्डावरच जाऊन यावं. शपथ झालीच असेल, तर प्रवास १४ दिवसांच्या आत असल्यास पासपोर्ट तातडीनं देणारी कार्यालयं तिथं आहेत, ई-व्हिसाही आहे. पण तो जीव टांगणीला लावणारा उद्योग मी तरी कुणाला सुचवणार नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर मुलांना फोन करा. मुलाखतीचं पत्र आलंय का, विचारा. आलं असेल तर मुंजीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढायला सांगा. आणि स्वतःचं ग्रीन कार्ड असेल, तर या वेळी भारतात उतरलात ती तारीख पासपोर्ट काढून एकदा बघा.