पाणी उष्णता वाहते, गिळत नाही

चाळीसगावात पाण्याचा कूलर म्हटला की ओल्या वाळ्यातून येणारी गार झुळूक आठवते. म्हणूनच खेळासाठी घरी संगणक जुळवणारा मुलगा त्यात पाण्याचा कूलर मागतो, तेव्हा आईबापांनाही ते पटते. परंतु हिशेब तपासला पाहिजे.

खोलीतल्या कूलरचे पाणी हवेत उडून जाते, म्हणून गारवा येतो. माठाचा न्याय तोच. संगणकातले पाणी बंद नळीत फिरते, उडत नाही. ते केवळ हमाल आहे. प्रोसेसरची उष्णता उचलायची आणि रेडिएटरवर नेऊन टाकायची, जसे डिझेल इंजिनात चालते. तिथून ती घेते खोलीतलीच हवा. खोली ४२ अंशांवर असेल, तर हे पाणी त्याखाली कधीच उतरणार नाही.

प्रोसेसर २०० वॅटच्या पुढे वीज ओढत असेल, तर हा हमाल जरूर लावा. ६५ वॅटच्या प्रोसेसरला धातूच्या पात्यांचा पंख्याचा कूलर पुरतो. शिवाय खेळात बहुधा अधिक तापते ते ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसरवरचे पाणी तिथवर पोचत नाही. पंपही कधीतरी थकतो.

कामगाराच्या घरी हा पैसा बोनसातून येतो. तो आधी हवा खेळती राहील अशा पेटीवर आणि खोलीच्या गारव्यावर खर्चा. खोली पाच अंशांनी उतरली, तर यंत्रही साधारण तेवढेच उतरते; आणि त्याच पैशात घरातली म्हातारी माणसेही दुपारी सुखाने निजतात.