काटा कोणाच्या हाती?



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि जिनिंगच्या कामगारांत पुष्कळ झाले. आम्ही संगणकावर बोलावे याचे कोणास नवल वाटेल. परंतु बाभुळगावच्या आमच्या युनियनच्या कचेरीत हे यंत्र आले, सभासदांची नावे, वर्गण्या आणि भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज त्यात जाऊन बसले, तेव्हा त्याच्या राखणीची चौकशी करणे आम्हांस भाग पडले. पैसे मोजून आम्ही अँटिव्हायरस घेतला. वर्षाची मुदत संपली ती कोणाच्या ध्यानात आली नाही; आणि एके सकाळी सारे दप्तर कुलूपबंद होऊन पडद्यावर खंडणीची चिठ्ठी झळकली. हाताने लिहिलेली जुनी वही होती म्हणून निभावले.

मग वाद सुरू झाला. कोणी म्हणे विकतचेच घ्यावे, कोणी म्हणे फुकटचे काय वाईट? हा वाद दुकानात सुटावयाचा नव्हे. कापसाचे वजन शेतकऱ्याने सांगावयाचे नसते, व्यापाऱ्यानेही नाही. ते काट्याने सांगावयाचे, आणि काटा खरा की खोटा ते वजनमापे निरीक्षकाने.

असे निरीक्षक या धंद्यातही आहेत. जर्मनीत माग्डेबुर्ग येथे एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियात इन्सब्रुक येथे एव्ही-कंपॅरेटिव्हज. ताजे व्हायरस सर्वांपुढे सारखेच सोडावयाचे आणि कोण किती अडवितो ते मोजावयाचे. एव्ही-टेस्ट संरक्षणास ६ गुण देते, संगणक मंदावत नाही यास ६, आणि निरपराध फायलीस चोर म्हणत नाही यास ६. विंडोजसोबत फुकट मिळणाऱ्या डिफेंडरने तेथे अनेकदा पुरे १८ गुण मिळविले आहेत. १९९३ साली पुण्यात कैलास काटकर यांनी सुरू केलेल्या कंपनीचे विकतचे क्विक हीलही याच कसोटीस बसते. तेव्हा किंमत म्हणजे गुण नव्हे. पैशाने बहुधा मिळते ती फोनवरची मदत आणि काही जादा सोयी.

परंतु फुकटचीही किंमत असते. अवास्त ही फुकटच्या अँटिव्हायरससाठी प्रसिद्ध कंपनी. वापरणारे कोणती पाने पाहतात याची माहिती तिच्या उपकंपनीमार्फत विकली जात होती. २०२० साली ती उपकंपनी बंद करावी लागली आणि २०२४ साली अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले.

आणि निरीक्षकावरही डोळा ठेवावा. चाचणीची फी पुष्कळदा कंपन्याच भरतात. २०१५ साली चीनच्या किहू कंपनीने चाचणीस पाठविलेल्या मालात दुसऱ्या कंपनीचे इंजिन चालू होते. गिऱ्हाइकांच्या मालात ते मुळात बंद होते. नमुना एक, माल दुसरा! मात्र ही लबाडी परीक्षकांनीच पकडली आणि त्या वर्षीची तिची प्रशस्तिपत्रे काढून घेतली. म्हणून एकाच संस्थेचा एकच निकाल पाहू नये. दोन संस्थांचे, वर्षभराचे निकाल पाहावेत.

शेवटी, कोणताही राखणदार झोपतो. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्रायने जगभर संगणक अडविले. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच फुकट दिली होती. ज्यांनी ती बसविली नाही ते सापडले.

आमच्या कचेरीत आता फुकटचेच चालते, दुरुस्त्या वेळच्या वेळी बसतात, आणि दर शनिवारी दप्तराची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती कपाटात ठेवितो. आणि वही? ती अजून चालू आहे.