निवारा हीसुद्धा आरोग्यसेवाच



कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर भरलेल्या सातारा-सांगली जिल्ह्यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. बेघरांचा प्रश्न एरवी हिवाळ्यात ब्लँकेट वाटण्यापुरता आठवतो. त्यासाठी आपण दोन दिवस काढून बसलो आहोत, याचा मला मनापासून आनंद आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत सरकारने सगळ्या देशाला एकच औषध लिहून दिले होते : घरात राहा. लस नव्हती, खात्रीचा उपचार नव्हता. होते ते फक्त घर. इस्लामपुरात एका कुटुंबातून लागण पसरली, तेव्हा गल्ल्या बंद करून, संपर्कातल्या माणसांना वेगळे ठेवून प्रशासनाने साथ आटोक्यात आणली. त्या कामाचे देशभर कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण या साऱ्या उपायांचा पाया माणसाला दार असलेले घर आहे, हा होता. ज्याला दारच नाही, त्याने काय लावून घ्यायचे? मिरज जंक्शनच्या फलाटावर, सांगलीच्या बसस्थानकाच्या कट्ट्यावर, साताऱ्यात दुकानांच्या पायरीवर झोपणाऱ्या माणसाला घरी जा म्हणून हटकणे सोपे होते. कुठल्या घरी, हे सांगणारे कोणी नव्हते.

मित्रांनो, साथ आणि निवारा यांची गाठ आपल्या भागाला नवी नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये साथरोग कायदा आला. त्याने सरकारला घरे तपासायचे, माणसांना हलवायचे अधिकार दिले. हलवलेल्या माणसाच्या डोक्यावर छप्पर देण्याचे बंधन मात्र घातले नाही. लोक गाव सोडून मळ्यात झोपड्या घालून राहिले. त्याच साथीत, साताऱ्याच्या नायगावची लेक सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. पुढे मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात तोच कायदा लागू झाला. सव्वाशे वर्षांनीही त्यात निवाऱ्याचे कलम नव्हते.

टाळेबंदी लागली तेव्हा ऊसतोडीचा हंगाम संपत आला होता. बीड-नगरकडच्या टोळ्या कारखान्यांच्या आवारात आणि फडाकडेला अडकल्या. कोपी आपण सर्वांनी पाहिली आहे. बांबूच्या काठ्या, वरून पाचट नाहीतर ताडपत्री, आत जायचे तर कमरेत वाकून. नवरा, बायको, लेकरे, भांडी आणि पिठाचा डबा एवढ्या जागेत. बैल दावणीला बाहेर. पाण्याला एकच टँकर, आडोशाला ऊस. ऊस तुटला की आडोसाही गेला. या कोपीत सहा फुटांचे अंतर कुठून काढायचे? कारखान्यांनी त्यांची राहण्याची व जेवणाची सोय करावी, असे आदेश निघाले. १७ एप्रिलला तपासणी करून गावी जाण्याची परवानगी मिळाली, तेव्हा राज्यभर अशा निवाऱ्यांत लाखाहून अधिक ऊसतोड कामगार होते. जो माणूस सहा महिने आपल्या जिल्ह्यात राबतो, त्याचा निवारा आपल्याला साथ आल्यावरच दिसतो, हे मला आजही बोचते.

दुसरीकडे आपलीच माणसे परतत होती. मुंबईहून जावळी, पाटण, माण, खटावचे माथाडी आणि चाकरमानी; देशाच्या कानाकोपऱ्यातून आटपाडी, विट्याकडचे, सोने-चांदी गाळणारे गलाई बांधव. जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांची चौदा दिवसांची सोय झाली. कुणी रानातल्या छपरात राहिले. पुढे मे २०२१ मध्ये सातारा आणि सांगलीसह १८ जिल्ह्यांत गृह विलगीकरण बंद करण्याचा निर्णय राज्याला घ्यावा लागला. याचा अर्थ नीट समजून घ्या. एका खोलीत सहा माणसे राहतात, तिथे घर असूनही आजाऱ्याला वेगळी जागा मिळत नाही, हे शासनानेच मान्य केले. बेघर आणि दाटीत राहणारा, दोघांचे दुखणे एकाच मुळातून येते.

आता निवारा केंद्राच्या आत चला. सांगली महापालिकेचे सावली बेघर निवारा केंद्र किंवा वाई तालुक्यात वेळ्याचे यशोधन, अशा ठिकाणांमुळे या दोन जिल्ह्यांत निराधारांना आसरा मिळतो. रस्त्यावरून माणूस येतो तेव्हा वाढलेल्या केसांत गुंता झालेला असतो, पायाला जखम असते. काळजीवाहक आधी त्याला चहा देतो, मग केस कापतो, नखे काढतो, कोमट पाण्याने अंघोळ घालतो, जखम धुतो. वहीत नाव लिहायला चार दिवसही लागतात, कारण नाव सांगण्याइतका विश्वास बसायला तेवढा वेळ लागतो. यातले एकही काम सहा फुटांवरून होत नाही. साथीतही ज्यांनी ते केले, त्यांच्यासाठी टाळ्या कमी वाजल्या. आज या सभागृहाने ती उणीव भरून काढावी, अशी माझी विनंती आहे.

पण कृतज्ञतेबरोबर सत्यही बोलले पाहिजे. एकाच दालनात ओळीने पन्नास खाटा, सामाईक नळ, सामाईक संडास, असा निवारा साथीत स्वतःच धोक्याचा ठरतो. अमेरिकेत बोस्टनच्या एका मोठ्या निवाऱ्यात एप्रिल २०२० मध्ये ४०८ जणांची तपासणी झाली. १४७ बाधित निघाले आणि त्यांतल्या बहुतेकांना लक्षणच नव्हते. इंग्लंडने वेगळी वाट धरली. पर्यटक नसल्याने ओस पडलेल्या हॉटेलांत, पहिल्या दोन महिन्यांत सुमारे पंधरा हजार बेघरांना स्वतंत्र खोल्या दिल्या. वर्षानुवर्षे अशक्य म्हटलेली गोष्ट इच्छा झाल्यावर काही आठवड्यांत झाली. आपल्याकडेही तेव्हा मंगल कार्यालये आणि वसतिगृहे रिकामीच होती.

साथ एकटी येते असेही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. जुलै २०२१ मध्ये कोरोना चालू असतानाच पुन्हा पूर आला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, ढोकावळे, मिरगाव इथे दरडी कोसळल्या. पुरातून माणसे एकत्र आणायची आणि साथीत वेगळी ठेवायची, ही दोन्ही कामे एकाच आठवड्यात, त्याच शाळांच्या खोल्यांत करावी लागली. आपत्तीच्या आराखड्यात पूर एका पानावर आणि साथ दुसऱ्या पानावर ठेवून यापुढे चालणार नाही.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर, निवारा हीसुद्धा आरोग्यसेवाच आहे. दवाखाना साथ ओसरली म्हणून आपण बंद करत नाही, तसा निवाराही आवरता येणार नाही. म्हणून या परिषदेपुढे मी चार मागण्या ठेवतो.

पहिली, निकषाप्रमाणे निवारे. लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक कायमस्वरूपी निवारा, हे प्रमाण राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घालून दिले. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या पाच लाखांवर होती. म्हणजे पाच निवारे. सातारा शहर तेव्हाच लाखावर होते. म्हणजे तिथेही किमान एक.

दुसरी, प्रत्येक निवाऱ्यात स्वतंत्र संडास-न्हाणी असलेल्या काही खोल्या. साथ नसेल तेव्हा त्या क्षयरोगी, बाळंतीण आणि मनोरुग्णांच्या कामी येतील. कोणती मंगल कार्यालये, कोणती वसतिगृहे ताब्यात घ्यायची, याचे करारही आधीच झालेले असावेत.

तिसरी, काळजीवाहकांना नियमित पगार, विमा आणि लसीकरणात पहिल्या रांगेत जागा. मानधनावर माणुसकी किती काळ तगवायची?

चौथी, निवाऱ्यापासून घरापर्यंतची वाट. ओळखपत्र नसलेल्यांनाही लस द्यावी, हे केंद्राने मे २०२१ मध्ये मान्य केले. कागद नसताना लस मिळू शकते, तर रेशन आणि घर का नाही? स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जुलै २०२० मध्ये मंजूर झाली. ती ऊसतोड टोळ्यांपर्यंत आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांपर्यंत आणण्याचे काम आपले आहे.

मित्रांनो, या मागण्यांचा ठराव आजच मंजूर करा. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे, सांगलीच्या महापौरांकडे, साताऱ्याच्या नगराध्यक्षांकडे आणि साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांकडे तो हातोहात पोचवा, आणि पुढच्या अंदाजपत्रकात त्यासाठी रक्कम दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. पुढची साथ कधी येईल ते आपल्या हातात नाही. ती येईल तेव्हा घरात राहा असे सांगण्याआधी प्रत्येकाला घर दाखवता यावे, एवढी तयारी करणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.